दाणेवाल्याला कुणी मारलं?

१

रविवारी सकाळी दाणेवाला गेला.

समुद्रकाठच्या आमच्या या निकेरी गावात आजवर जो कुणी गेला, त्याचं नाव मी रेडिओवर वाचलेलं आहे. मुलंबाळं, सुना-जावई, हॉलंडला गेलेली भावंडं, सगळ्यांसकट. लोक म्हणतात, एडमेने वाचलं नाही तोवर माणूस गेला असं धरायचं नाही. पण दाणेवाल्याचं मी काय वाचणार? त्याचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे पुरुष बायकोला एक वेळ घरी विसरतील, पण त्वात्वाला नाही. मूठभर काळा पक्षी, जाड चोचीचा. त्याचा पिंजरा हातात धरून हे लोक दुकानात जातात, कचेरीत जातात, मयतालाही येतात. रविवारी मैदानात दोन-दोन पिंजरे शेजारी टांगायचे आणि कुणाचा पक्षी जास्त वेळा गातो ते खडूने फळ्यावर मांडायचं. त्यावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. माझा नवरा लिओ यातच गेला. म्हणजे हृदयाने गेला, पण मैदानात.

जाण्याआधी त्याने इंटरनेटवर या लोकांसाठी एक कट्टा सुरू केला होता. तिथे पक्ष्यांबद्दल काहीही विचारा, काहीही सांगा, नियम एकच: नाव उंबऱ्याबाहेर ठेवून या. प्रत्येकाने टोपणनाव घ्यायचं. कुणी कुठलं घेतलं ते आता कट्टा सांभाळणाऱ्या मलासुद्धा दिसत नाही, आणि कुणाचं लिखाण मला पुसताही येत नाही. ते ज्याचं त्यानेच, आपापला परवलीचा शब्द घालून पुसायचं. लिओ म्हणायचा, "एडमे, नाव सांगितलं की निकेरीतला माणूस आधी विचारतो, कुणाचा पोरगा, कुठल्या पक्षाचा, काळा की हिंदुस्तानी की जावानी. मग पक्ष्याचं राहूनच जातं."

मला हे पटत नव्हतं. तोंड लपवून बोलणारा काय कामाचा? कुणीतरी तिथे लिओच्याच पक्ष्याला 'कोंबडी' म्हणाला होता. तो माणूस मला अजून सापडायचा आहे.

आणि मग दोन वर्षांपूर्वी हा दाणेवाला उगवला. कानामागून आला आणि तिखट झाला. पक्षी का रुसतो, का खात नाही, कुठलं बी कधी द्यायचं, सगळं सांगायचा. सांगायचं त्याने आणि लोकांनी पक्षी नाचवायचे! लिओने वीस वर्षं हेच केलं, त्याला कुणी पाणी विचारलं नाही. मी खरंच सांगते, दाणेवाल्याचं कौतुक ऐकलं की माझ्या पोटात दुखायचं.

त्या रविवारी स्पर्धा आटोपली. मैदानात फोन वाजला तर पक्षी बिथरतात, म्हणून स्पर्धा सुरू होण्याआधी सगळ्यांचे फोन मी एका टोपलीत गोळा करते आणि ती मांडीवर घेऊन बसते. नेहमीप्रमाणे ते परत वाटले. पहिला फोन उघडला रवीन झगरूने, मला तांता म्हणजे मावशी म्हणणाऱ्या पोराने, आणि तो ओरडलाच.

"तांता! दाणेवाला नाही! सकाळी इथे येताना वाचलं होतं मी. सगळं गेलंय. एक ओळ नाही राहिली!"

मी पाहिलं. दोन वर्षांचं बोलणं जिथे होतं, तिथे नुसत्या मोकळ्या जागा होत्या.

२

दुपारी रवीन माझ्या ओसरीवर येऊन बसला. तिशीतला पोरगा, पण चेहरा असा की सहा वर्षांचा वाटावा. मांडीवर पिंजरा, त्यात त्याची मखमल. पक्षी फुगून बसलेला, डोळे अर्धे मिटलेले. दोन महिने त्याने एक सूर काढला नव्हता.

"तांता, तुम्ही त्याला शोधा."

"मी काय पोलीस आहे?"

"तुम्हाला अख्खं निकेरी ठाऊक आहे. कोण कुणाला पाण्यात पाहतं, तेसुद्धा."

ते मात्र खरं होतं. मी त्याच्यापुढे तळलेली केळी ठेवली. त्याने हात लावला नाही.

"मखमलचं अर्धंच सांगून झालं होतं त्याचं. आज सकाळी लिहिलं होतं..." त्याला ते तोंडपाठ होतं. "'भावा, पक्षी मुका नाही, उपाशी आहे. आधी त्याला चुलीवरच्या खिडकीतून हलव. खाली तेल तापतं, धूर त्याच्या छातीत जातो. हे कर, पुढचं उद्या सांगतो.' आणि तांता, गंमत सांगू? पिंजरा कुठे टांगतो ते मी कट्ट्यावर कधी लिहिलेलंच नाही! तरी त्याला कळलं. हा माणूस साधा नाही. संत आहे."

"संतांना खिडक्या दिसतात होय?" मी म्हटलं. पण मनात टाचणी टोचली ती टोचलीच.

"पक्ष्यांचंच नाही," रवीन म्हणाला, "बाकीचंही बोलायचो मी त्याच्याशी. आई गेल्यापासून घरात दोन माणसं आहोत आणि बोलणं एकच, 'मीठ दे.' बाबांचं तुम्हाला माहीत आहे. बोलले तर गुरगुरणार. दाणेवाला कधी आवाज चढवत नाही. आज सकाळी निघताना मी बाबांना म्हणालो पण, असा बाप असता तर मी कुठल्या कुठे पोहोचलो असतो."

"असं म्हणालास? तोंडावर?"

"मग? खोटं आहे का?"

मी केळ्यांची ताटली त्याच्याकडे आणखी सरकवली.

"तो सापडला नाही तर मी मखमलला रानात सोडून देतो आणि मामाकडे हॉलंडला जातो. मामाने कधीचं बोलावलंय. इथे काय आहे माझं? एक हा पक्षी आणि एक तो माणूस. घरी अजून सांगितलेलं नाही. पण येत्या रविवारनंतर थांबणार नाही."

पिंजऱ्यातला पक्षी एका बाजूला कलला आणि पुन्हा सावरला. माझ्या मनात आलं, हा रविवारपर्यंत टिकला तरी पुष्कळ.

"त्याला कुणीतरी धमकावलंय, तांता," रवीन उठताना म्हणाला. "कुणीतरी त्याला शोधून काढलं आणि पुसायला लावलं. आणि ते कोण, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

होय. निदान तेव्हा मला तसं वाटत होतं.

३

एवाल्ड लांडफेल्ड म्हणजे आमच्या मंडळाचा अध्यक्ष. त्याच्या 'बिशप' नावाच्या पक्ष्याने तीन वर्षं ढाल सोडलेली नाही. दाणेवाल्याने एकदा लिहिलं होतं, 'बिशपला साखरेचं पाणी पाजतात. आज गळा मोठा वाटेल, पण पुढच्या वर्षी हा पक्षी खोकेल.' तेव्हापासून एवाल्डच्या अंगाचा तिळपापड झाला होता. "कान धरून मैदानात उभा करीन," असं तो चारचौघांत म्हणाला होता. शुक्रवारच्या बैठकीत त्याचा ठरावही होता: कट्ट्यावर यापुढे प्रत्येकाने खऱ्या नावाने आणि फोटोसकट लिहायचं.

मी गेले तेव्हा तो बिशपला पाणी देत होता. मला पाहताच वाटी मागे लपवली.

"काय आहे वाटीत?"

"पाणी."

"साधं?"

"साधंच, एडमे! आता साधंच देतो." मग आवाज खाली गेला. "बाहेर बोलू नकोस. वर्षभर साधंच देतोय. गळा सुधारलाय त्याचा."

"म्हणजे दाणेवाल्याचं ऐकलंस!"

"ऐकलं कुठे? मला स्वतःलाच सुचलं." त्याने मिशीवरून हात फिरवला. "आणि तो कोण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. वागिमान! दुसरं कोण? बांधावरच्या गवताचं बी कधी पिकतं, हे त्या जावान्याशिवाय कुणाला कळतं?"

"अरे, दाणेवाल्याने वागिमानच्याच धंद्यावर पाय दिला. त्याच्या दुकानातलं बी धुळकट आहे म्हणाला, बांधावरचं फुकट वेचा म्हणाला."

"तीच तर त्याची चलाखी! स्वतःच्या मालाला नावं ठेवली की संशय कोण घेणार? मी त्याला शुक्रवारी सगळ्यांदेखत उघडा पाडणार होतो, तर पळालाच. फार जळतं त्याचं माझ्या ढालीवर."

माझ्यासमोर अध्यक्ष बसला होता आणि ज्याच्यावर तो वर्षभर दात खात होता, त्याच्याच सल्ल्याचं पाणी पक्ष्याला पाजत होता. मला हसू आवरेना.

तिथून निघाले ती सरळ वागिमानच्या दुकानात. बारीक, नम्र माणूस, पण डोळे असे की गल्ल्यावरची माशी मोजून घेतील.

"या ताई, बसा. गार दावेत घ्या." त्याने नारळाच्या दुधाचा पेला पुढे केला. "दाणेवाला गेला म्हणतात. फार वाईट झालं." चेहऱ्यावर वाईटाचा मागमूस नव्हता.

"दाणेवाल्याने तुझं गिऱ्हाईक तोडलं. तूच तर नाही ना दम दिलास?"

"मी? अध्यक्षांना?"

"कुणाला?"

"ताई, तुम्हाला माहीत नाही? दाणेवाला म्हणजे एवाल्डसाहेब! बिशपला साखरपाणी देतात हे त्यांच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार? स्वतःचीच थोडी बदनामी केली की बाकीचं सगळं लोकांना खरं वाटतं. मोठी माणसं असंच करतात. माझं दुकान बसवायचं आणि आपल्या मेहुण्याचं उघडायचं, एवढाच हेतू." त्याने सुस्कारा सोडला. "पण त्यांना दम द्यायची माझी काय छाती? बी मात्र तेव्हापासून चाळून विकतो. गिऱ्हाईक परत येतंय. ते कुणाला सांगू नका."

मी पेला खाली ठेवला. म्हणजे एवाल्डच्या मते तो वागिमान, आणि वागिमानच्या मते तो एवाल्ड.

जो माणूस सापडलाच नाही, त्याला धमकी देणार कोण?

४

दोन्ही संशयित हातातून निसटले. राहिली ती रवीनची खिडकी. चुलीवर नेमका पिंजरा कुठे आहे, ते एकदा डोळ्यांनी पाहावं म्हणून मंगळवारी मी झगरूंच्या घरी गेले. रवीन भातगिरणीत कामाला गेला होता. दार उघडलं ते त्याच्या बापाने.

बिसुन झगरू आणि मी एकाच शाळेत होतो. तेव्हाही तो असाच होता, फणसासारखा. पण पक्षी! त्याच्या सेनापतीसारखा पक्षी निकेरीत झाला नाही. नुसता गळा ऐकून, पक्षी हातात घेऊन त्याला कळायचं की याला काय पाजतात, याचं काय दुखतंय. पण सांगायचा कसा? "गाढवा, डोळे फुटले का तुझे?" असा. मग कोण ऐकणार? एवाल्डशी तर तो पंधरा वर्षं बोलला नव्हता, दोघंही एकमेकांच्या फाटकातून आत जात नव्हते.

"काय काम काढलंस?" तो म्हणाला.

"दाणेवाल्याचा तपास करतेय."

"मेला ते बरं झालं!"

मी चमकले. एवाल्डने शिव्या दिल्या होत्या, वागिमानने सुस्कारे टाकले होते. पण असा विखार कुणाच्याच तोंडात नव्हता.

"तुझं काय घोडं मारलं त्याने? तुझ्याबद्दल तर तो कधी एक शब्द बोलला नाही."

"सकाळी उठून चहा प्यायला बसावं, की कार्ट्याचं सुरू. दाणेवाला म्हणतो पक्ष्याशी हळू बोला. दाणेवाला म्हणतो पावसाळी हवेत तीळ द्या. अरे, तेच मी आदल्या रात्री जेवताना सांगितलेलं असतं! तेव्हा मान वर करून बघत नाही. आणि त्याने म्हटलं की ब्रह्मवाक्य! कोण हा? कुठला? तोंड दाखवायची हिंमत नाही त्याला. मी रोज तोंड दाखवतो, त्याची किंमत शून्य."

"तू वाचायचास त्याला?"

"मी? मला त्या फोनमधलं काय कळतं? कार्टा बोलतो तेच ऐकतो."

मी स्वयंपाकघरात डोकावले. चुलीवरची खिडकी, तेलकट जाळी, वर रिकामा खिळा. रस्त्यावरून ती दिसत नव्हती. मागच्या अंगणातूनही नाही, तिथे लिंबाचं झाड आडवं येतं. ही खिडकी पाहायची तर आत, चुलीपाशीच उभं राहावं लागतं.

"वागिमान बी द्यायला आत येतो का?"

"त्याचं ते धुळकट बी मी घरात घेईन?"

मागच्या पडवीत सेनापतीचा पिंजरा होता, सुती कापडाने चारी बाजूंनी झाकलेला. खाली जमिनीवर बारीक काळी पिसं पडली होती. मी कापडाची कड उचलली तर बिसुन अंगावर आला.

"वारा लागेल त्याला! पिसं झडताहेत, दिसत नाही?"

"कधीपासून?"

"झाले दोन आठवडे."

"म्हणून परवा मैदानात दिसला नाहीस. मग काय केलंस सकाळभर?"

"काय करणार? सेनापतीला घेऊन समुद्राच्या बांधावर गेलो होतो. बसलो तिथे."

तो हे इतक्या सहज बोलला की मी मान डोलावली आणि निघाले. फाटकाच्या बाहेर पडले, चार पावलं गेले, आणि रस्त्यातच थांबले.

५

निकेरीच्या बांधावर वारा कसा असतो ते आम्हाला सांगायला नको. टोपी उडते, छत्री उलटते. पिसं झडणारा त्वात्वा तिथे न्यायचा? अहो, ओली बाळंतीण आणि तिचं पोर एक वेळ कुणी त्या वाऱ्यात नेईल, पण पिसं झडणाऱ्या पक्ष्याला पक्षीवेडा माणूस अंगणातही काढत नाही. आणि बिसुन तर कापडाची कड उचलली म्हणून माझ्या अंगावर धावला होता.

दुसरा कुणी असता तर सरळ म्हणाला असता, 'घरी झोपलो होतो.' पण यांच्यातल्या माणसाला कुठे गेलो होतो असं विचारलं की तोंडातून 'पक्ष्याला घेऊन' आपोआपच येतं. सवयच तशी. खोटं बोलतानाही त्याला पिंजरा घरी ठेवता आला नाही.

म्हणजे बिसुन रविवारी सकाळी घरात होता, आणि तसं सांगायची त्याला भीती वाटत होती.

मग मी एक-एक दाणा वेचावा तसं वेचत गेले. दाणेवाला पुसला गेला तो स्पर्धा चालू असताना. तेव्हा एवाल्डचा आणि वागिमानचाच काय, मैदानातल्या प्रत्येकाचा फोन माझ्या मांडीवर होता. पुसणारा मैदानात नव्हता. शिवाय परवलीच्या शब्दाशिवाय पुसता येत नाही, आणि तो शब्द ज्याचा त्यालाच ठाऊक. धमकी कुणी दिली नाही, कारण कुणाला तो सापडलाच नव्हता. म्हणजे दाणेवाल्याला मारणारा एकच, स्वतः दाणेवाला. आणि दाणेवाल्याने चुलीवरची खिडकी पाहिली होती.

मी माघारी वळले. बिसुन अजून पडवीतच होता, झाकलेल्या पिंजऱ्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"बिसुन," मी म्हटलं, "बांधावर वारा होता का रे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. पिंजऱ्यावरचं कापड सारखं करत तो खाली बसला.

"कशाला केलंस? सगळं गाव तुझं ऐकत होतं."

"माझं नाही. त्याचं."

"अरे, तो तूच ना!"

"मी असतो तर पोराने माझ्याकडे बघितलं नसतं? एडमे, त्याने ऐकावं म्हणूनच मी हे सुरू केलं. घरात तोंड उघडलं की शिवीच येते माझ्या. तिथे लिहिताना येत नव्हती. चार वेळा खोडायचो, मऊ करायचो. पोरगा ऐकायला लागला. इतका आनंद झाला मला! मग रोज सकाळी माझ्यासमोर बसून त्याचं कौतुक. त्याला कसं कळतं, तो किती शांत आहे, तो किती शहाणा. माझ्याच घरात, माझीच रोटी खाऊन. मला तो दिसेनासा व्हावा असं वाटायला लागलं. आणि परवा म्हणाला..."

"असा बाप असता तर."

"तुला सांगितलं त्याने?" बिसुनने डोळे पुसले. "पोरगा मैदानात गेला. मी फोन घेतला आणि पुसला त्याला. शेवटची ओळ पुसेपर्यंत हात थांबला नाही. एवढं बरं वाटलं मला, एडमे."

बायका सवत येते म्हणून रडतात. या माणसाने स्वतःला स्वतःचीच सवत आणली होती. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, म्हणून याने आपलं पीक दुसऱ्याच्या नावाने बाजारात नेलं, आणि ते विकलं गेलं म्हणून जळून खाक झाला. मला हसायला हवं होतं. पण मीही दोन वर्षं त्याच माणसावर जळले होते, आणि वर नवऱ्याची आठवण पुढे करत होते.

"आता एक ऐक," मी म्हटलं. "रविवारनंतर रवीन हॉलंडला चाललाय. कायमचा. दाणेवाला नाही, तर इथे त्याचं कुणी नाही, असं म्हणाला."

बिसुन फोनसाठी खिसे चाचपायला लागला.

६

शुक्रवारी मंडळाची बैठक झाली. एवाल्डने ठराव मांडला आणि माझ्याकडे बोट केलं. "एडमेने शोध लावलाय म्हणे. सांग सगळ्यांना, कोण होता तो!"

सगळ्या माना वळल्या. वागिमान पुढे सरकला. खोटं कशाला सांगू, जिभेच्या टोकावर आलं होतं. बोलले असते तर वर्षभर मैदानात माझंच नाव झालं असतं. मलाही कधीतरी कौतुक हवं होतंच की.

"कळलंय," मी म्हटलं. "पण सांगणार नाही."

एकच कल्ला झाला.

"ओरडू नका! तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे पक्षी त्याच्या शब्दावर गातात. आज मी नाव सांगितलं, की उद्या तुम्ही म्हणाल, अरे हा? याचं आम्ही ऐकत होतो? आणि जाऊन पुन्हा साखर पाजाल." एवाल्ड खोकला. "तुमच्यातल्या एकाने तर अशा माणसाचं ऐकलंय, ज्याच्या दारात तो मेला तरी पाऊल टाकणार नाही. ऐकलं, आणि पक्ष्याचं भलं झालं. नाव माहीत असतं तर ऐकलं असतं? लिओ हेच सांगायचा. मला कळायला त्याला मरावं लागलं, काय करू? ठराव मागे घे, एवाल्ड."

एवाल्डने वागिमानकडे रागाने पाहिलं, वागिमानने एवाल्डकडे. ठराव पडला.

त्याच संध्याकाळी कट्ट्यावर दाणेवाला परत आला. नवं खातं, नाव तेच. बाकी कुणाशी तो बोलला नाही. फक्त रवीनसाठी लिहिलं होतं. बिसुनने ते मला आधी वाचून दाखवलं होतं, आणि मी त्यातलं 'गाढवा' काढायला लावलं होतं.

'भावा, मधेच गेलो, चुकलं माझं. मखमलची चोच वाढली आहे, दाणा फोडता येत नाही, म्हणून उपाशी आहे. हे काम लांबून सांगून होत नाही, हातात धरून करायचं असतं. हात चुकला तर पक्षी जातो. निकेरीत तो हात एकाचाच आहे, सेनापतीच्या मालकाचा. त्याच्याकडे जा. तो ओरडेल, ओरडू दे.'

शनिवारी सकाळी मी केळी तळून झगरूंकडे गेले. निमित्त केळ्यांचं होतं. बिसुन पडवीत बसला होता, हातात कानस, समोर चहा थंड झालेला. रवीन पिंजरा घेऊन आला आणि दोन पावलं लांबच उभा राहिला.

"दाणेवाला म्हणतो, तुमच्याकडे द्या."

"मग दे ना, ग..." बिसुनने शब्द गिळला. "दे."

पक्षी त्याच्या मुठीत शिरला आणि शांत झाला. बिसुनने चोच कानशीवर हलकेच घासली, पाहिली, पुन्हा घासली. "इकडे ये, बघ," तो म्हणाला. "असं अंगठ्यावर डोकं. छाती दाबायची नाही, त्याला श्वास घेऊ द्यायचा. आता तू धर." रवीन शेजारी बसला. त्याने पक्षी घेतला तेव्हा बापाचा हात त्याच्या हाताखालीच राहिला. किती वर्षांनी ते दोघं इतके जवळ बसले होते कोण जाणे. मी केळी विसरून उभी होते.

मखमलला पिंजऱ्यात सोडलं. ती वाटीपाशी गेली, एक दाणा उचलला, आणि तो फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा, तिसरा. बराच वेळ ती नुसती खात होती. मग दांडीवर चढली, अंग झटकलं आणि एक सूर काढला, आखूड, खरखरीत.

रवीन ताडकन उठला. "ऐकलं? बाबा, ऐकलं? काय माणूस आहे हा! इथे नसताना त्याला कळलं! तांता, मी म्हणालो नव्हतो?" त्याने फोन काढला आणि भराभर लिहायला लागला. "हॉलंडचं राहू दे आता. हिला पुरती गाऊ दे. बाबा, उद्या हिची नखंही बघाल का? थांबा, त्याला विचारतो आधी, बघावीत का."

तो लिहीत-लिहीत आत गेला. बिसुनचा फोन खिशात गुरगुरला.

"बघितलंस?" तो दात आवळून माझ्याकडे वळला. "पक्षी माझ्या हातात गायला, आणि नाव कुणाचं? त्याचं!"

"मग सांग की पोराला. आत्ता सांग. दोन शब्दांचं काम."

बिसुनने खिशातला फोन काढला, चष्मा लावला, आणि पोराने विचारलेलं सावकाश वाचलं. पहिल्यांदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं.

"नको," तो म्हणाला. "मग तो मला काही विचारणारच नाही."